बाटली आडवी झाली, पुढचं कोण पाहणार?

दारूचा विषय निघाला की आपल्या बैठकीला जाग येते. जमिनीवर नाव, पोटगी, नवऱ्याचा मार यांवर बोलताना बायका आधी एकमेकींकडे बघतात. दारूवर मात्र अगदी दाराशी लेकराला पाजत बसलेली बाईसुद्धा तोंड उघडते. यात घरातलं झाकलेलं काही सांगावं लागत नाही, दुकान सगळ्यांनाच दिसतं. म्हणूनच कितीतरी महिला मंडळांचं पहिलं आंदोलन दारूच्या दुकानापुढे झालेलं आहे.

आंध्र प्रदेशात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायका १९९२ मध्ये साक्षरता वर्गात एकत्र येऊ लागल्या, आणि अक्षरं गिरवता गिरवता त्यांनी गावातली अरक बंद पाडली. पुढच्याच वर्षी सरकारला राज्यभर अरकबंदी करावी लागली, १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. १९९७ मध्ये ती संपूर्ण बंदी उठली. आपल्याकडे गडचिरोलीत १९९३ मध्ये जिल्हा दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपूरच्या बायका त्यासाठी वर्षानुवर्षं झगडल्या. डिसेंबर २०१० मध्ये त्या चिमूरहून पायी चालत नागपूरच्या अधिवेशनावर धडकल्या. २०१५ च्या एप्रिलपासून चंद्रपुरात बंदी लागू झाली आणि २०२१ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत ती उठवण्यात आली. मिळवायला किती वर्षं आणि काढून घ्यायला किती वेळ, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

मी समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण घेतलं, त्यानंतर काही वर्षं विदर्भातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात काम केलं आणि आता एका कौटुंबिक सल्ला केंद्रात आहे. पहिल्या ठिकाणी माझ्यासमोर पुरुष बसायचे, दुसऱ्या ठिकाणी त्यांच्या बायका बसतात. कधीकधी अक्षरशः त्याच घरातल्या. पण दोन्हीकडची रजिस्टरं वेगळी, खाती वेगळी, अहवालांचे नमुने वेगळे. तिथे 'मारहाण' हा रकाना नव्हता, इथे 'उपचार' हा रकाना नाही. मला जे म्हणायचं आहे ते या दोन रजिस्टरांमधल्या फटीबद्दल आहे. आपल्या राज्याचं दारूविषयीचं धोरण दुकानापाशी सुरू होतं आणि दुकानापाशीच संपतं. दुकान उघडं असो की बंद, त्या दुकानातून माणूस ज्या घरी परततो त्या घरापर्यंत धोरण येतच नाही. आणि आपल्या चळवळीनेही आतापर्यंत आपली बहुतेक ताकद त्याच एका शटरवर लावली आहे.

ती ताकद वाया गेली असं मी म्हणत नाही. उलट जे हक्क मिळाले तेही किती मोजून-मापून दिलेत ते आधी पाहू. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा शहरातल्या प्रभागातल्या २५ टक्के स्त्री मतदारांनी सह्या करून मागणी केली की उत्पादन शुल्क खातं सह्यांची पडताळणी करतं, मग गुप्त मतदान होतं. दुकान चालू ठेवायचं तर उभी बाटली, बंद करायचं तर आडवी. पण आडव्या बाटलीला मतं किती पडायला हवीत? मतदानाला आलेल्यांपैकी निम्मी नव्हेत, मतदारयादीतल्या एकूण स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त. समजा यादीत १,००० बायका आहेत. त्यांतल्या ६०० आल्या, ४८० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. दर पाच जणींतल्या चौघींनी 'बंद करा' म्हटलं. तरीही दुकान चालूच राहणार, कारण ५०१ झाल्या नाहीत. ऊसतोडीला गेलेली, वीटभट्टीवर गेलेली, लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात नांदायला गेलेली आणि यादीतून नाव न काढलेली मयत सासूबाई, या सगळ्या दुकानदाराच्या बाजूने मोजल्या जातात! या देशात आमदार-खासदार निवडून यायला यादीतली निम्मी मतं लागत नाहीत. देशी दारूचं दुकान हटवायला लागतात.

अशा चाळणीतूनही गावोगावच्या बायकांनी बाटली आडवी केली, हे विशेष. घरोघरी जाऊन याद्या तपासल्या, बाहेरगावच्या लेकींना एसटीचं भाडं पाठवून बोलावलं, दुकानदाराने वाटलेल्या साड्या घेतल्या आणि मत मात्र आडव्या बाटलीला दिलं.

पण मला बोलायचं आहे ते मतमोजणीनंतरच्या आठवड्याबद्दल. गुलाल उधळून झाला, फोटो छापून आला, अधिकाऱ्यांनी सील ठोकलं. त्या आठवड्यात गावात जो रोज सकाळपासून पिणारा माणूस आहे, त्याचं काय होतं? एका गावात जिंकलेल्या बायकांची सभा चालू असताना मागून एक जण म्हणाली, "दुकान त बंद झालं ताई, पण याचा घसा कोन बंद करन?" सगळ्या हसल्या. ती हसत नव्हती.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होऊ लागतात, भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलावताना ऐकू येतात, स्थळकाळाचं भान सुटतं. हा आजार आहे, आणि वेळेवर उपचार झाला नाही तर यात माणूस दगावू शकतो. उपचार अवघड नाही. डॉक्टरच्या देखरेखीखाली काही दिवस शांत करणारी औषधं, बी-१ हे जीवनसत्त्व, पाणी आणि अन्न. पण खेड्यात याला 'बाहेरचं लागलं' म्हणतात आणि मांत्रिकाकडे नेतात, नाहीतर बायको स्वतःच कुठून तरी शंभर रुपयांची दारू आणून त्याच्या तोंडाला लावते. तिला दोष कोण देणार? समोर माणूस मरतोय आणि औषध म्हणून तिला तेवढंच ठाऊक आहे. अवैध विक्रेत्याचं पहिलं गिऱ्हाईक असं तयार होतं. दारूबंदी 'फसली' म्हणून जे लोक नंतर आनंदाने सांगतात, त्यांनी हे गिऱ्हाईक कुठून आलं ते कधी विचारलेलं नसतं.

दुसरं गिऱ्हाईक तर खुद्द बायकांचंच आहे. 'रुग्णाला न सांगता दारू सोडवा' अशी भिंतीवरची जाहिरात पाहिली नाही अशी वाचक विरळा असेल. ती पुडी चहात, भाजीत, वरणात मिसळायची. पुडीत काय आहे हे छापलेलं नसतं. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे. ते घेणाऱ्याने दारू प्यायली तर उलट्या होतात, छातीत धडधडतं, रक्तदाब घसरतो. ते माणसाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि तपासणी करूनच द्यायचं असतं. नकळत दिलं आणि वर तो प्यायला, तर जिवाशी खेळ होतो. आमच्या केंद्रात आलेल्या कितीतरी बायकांनी या पुड्यांवर मंगळसूत्र मोडून पैसे घातलेले असतात. पोटाला चिमटा काढून बायका फसव्या उपचारांवर जे पैसे घालतात, त्याचा हिशेब कुठल्याच खात्याकडे नाही.

खरा उपचार किती जणांपर्यंत पोचतो? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. देशात सुमारे १६ कोटी माणसं दारू पितात असं तिने सांगितलं. पिणाऱ्या दर पाच पुरुषांमागे एक जण दारूच्या आहारी गेलेला. आणि अशा आहारी गेलेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला काहीतरी उपचार मिळालेला. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेला १८० मागे एक. म्हणजे आपण मोर्चा काढून दुकान बंद करतो तेव्हा त्या गावातल्या ३८ पैकी ३७ जणांना आपण आणि सरकार मिळून सांगत असतो, की आता तुझं तू बघ. तो स्वतःचं बघत नाही. त्याचं बघावं लागतं त्याच्या बायकोला.

आता आपल्याला जरा अवघड वाटेल अशा मुद्द्याकडे येते. 'दारू बंद झाली की मार बंद होईल' ही आपली घोषणा. ती कितपत खरी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, ज्यांचे नवरे वारंवार पिऊन तर्र होतात अशा बायकांपैकी ७० टक्के जणींनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. आकडा आपल्या अनुभवाशी जुळतो. पण त्याच तक्त्यात पुढे पाहा. ज्यांचे नवरे दारूला शिवत नाहीत, त्यांच्यातही २३ टक्के. जवळपास चौघींत एक. तो शुद्धीत, पोटात थेंब नसताना मारतो. दारू मारण्याला जोर देते, निमित्त देते आणि सकाळी माफी मागायला सोय देते. मारण्याचा परवाना तिने दिलेला नसतो, तो आधीपासूनच घरात असतो.

गोव्यात झालेल्या एका अभ्यासाने हे आणखी स्पष्ट केलं. अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर प्रयोग केला. निम्म्यांना नेहमीची सेवा, निम्म्यांना त्याशिवाय समुपदेशनाच्या एक ते चार बैठका. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी पाहिलं, तर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ४२ टक्के पुरुषांनी गेल्या दोन आठवड्यांत दारू घेतलेली नव्हती, दुसऱ्या गटात हे प्रमाण १८ टक्के. निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. गावच्या आरोग्य केंद्रात, कमी खर्चात, मनोविकारतज्ज्ञाची वाट न पाहता दारू सुटू शकते, हे सिद्ध झालं. ही मोठी गोष्ट आहे आणि ती आपल्या प्रत्येक गटाला माहीत असायला हवी.

पण त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष होता: बायकोवरच्या हिंसेत फरक आढळला नाही. अभ्यास काहीशेच माणसांचा होता, अगदी पक्क्या व्यसनींचा नव्हता, मुदतही थोडी होती. त्यामुळे यावरून शेवटचा निवाडा देऊ नये. पण इतकं तरी कळतं, की दारूचा सल्लागार दारूबद्दल बोलला आणि मारण्याबद्दल बोलला नाही, तर मार आपोआप थांबेल असं गृहीत धरता येत नाही. त्याच्या बैठकीत बायको कुठेच नव्हती. व्यसनमुक्ती केंद्रात असताना आम्हीसुद्धा 'तुमचे मिस्टर आता सुधारले' असं सांगून बाईला घरी पाठवायचो, आणि सुधारण्याची व्याख्या एकच होती: पीत नाही.

मग बंदीने काहीच होत नाही का? तसंही नाही, आणि इथे बंदीच्या विरोधकांनाही आकडे गिळावे लागतील. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून संपूर्ण बंदी आहे. तिच्या परिणामांवरचा एक अभ्यास २०२४ मध्ये 'लॅन्सेट'च्याच आग्नेय आशियाविषयीच्या नियतकालिकात आला. कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे घेऊन बिहारची शेजारच्या राज्यांशी तुलना केलेली. बंदीमुळे रोज किंवा दर आठवड्याला पिणाऱ्या पुरुषांत सुमारे २४ लाखांची घट झाली आणि बायकोवरील हिंसेच्या सुमारे २१ लाख घटना टळल्या, असा त्यांचा अंदाज आहे. अंदाजच आहे, पण 'बंदी कधीच चालत नाही' हे वाक्य टाळ्या घेत म्हणणाऱ्यांना तो पुरेसा आहे.

आणि याच बिहारमध्ये पहिल्या कायद्याने पिणाऱ्यालाच तुरुंगात घातलं. तुरुंग आणि न्यायालयं तुंबली. आत गेलेल्यांत दलित आणि अतिमागास जातींची माणसं मोठ्या संख्येने होती, हे वर्तमानपत्रांनी शोधून काढलं. दोनदा कायदा सौम्य करावा लागला. २०२२ पासून पहिल्यांदा पकडलेल्याला दंडावर सोडतात. तोपर्यंत कितीतरी मजूर बायकांनी नवऱ्याच्या जामिनासाठी कर्ज काढलेलं होतं. ज्या बाईच्या नावाने कायदा केला तिलाच वकिलाची फी भरावी लागली. २०२२ च्या डिसेंबरात सारण जिल्ह्यात विषारी दारूने माणसं मेली, तेव्हाही मागे राहिल्या त्या बायकाच. (विषारी दारू बंदीमुळेच येते, असंही कुणी समजू नये. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं मेली, तेव्हा मुंबईत परवान्याची दुकानं हवी तेवढी होती. विष स्वस्त होतं, एवढंच.)

म्हणजे बंदी हवी की नको, या भांडणात आपण अडकून पडावं अशी माझी इच्छा नाही. चंद्रपूरची बंदी उठवताना अवैध विक्री वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला ही कारणं पुढे आली. बाजूने आणि विरोधात मुद्द्यांची रास पडली. पण पोलीस ठाण्यातल्या दारूबंदीच्या गुन्ह्यांचा आकडा काय सांगतो? पोलिसांनी किती छापे घातले ते. किती घरांत चूल वेळेवर पेटली, किती बायका माहेरी पळाल्या नाहीत, किती जणांना उपचार मिळाला, हे तो सांगत नाही. जे मोजलं जात नाही त्याच्यावर निर्णय होत नाही. मोजतात बाटल्या, परवाने, छापे आणि महसूल. सगळी मापं दुकानदाराच्या आणि तिजोरीच्या बाजूची!

तिजोरीचंच पाहा. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचं शुल्क बरंच वाढवलं. वर्षाला १४,००० कोटी रुपये जास्तीचे मिळतील असं सांगितलं. शुल्क वाढवून दारू महाग करणं हा पिणं कमी करण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे, जागतिक आरोग्य संघटना हे कित्येक वर्षं सांगत आली आहे. तेव्हा वाढीला माझा विरोध नाही. पण त्याच निर्णयात 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाची धान्यापासूनची नवी स्वस्त जात काढली. विदेशीची १८० मिलीची बाटली किमान २०५ रुपयांना, तर ही १४८ ला. महाग करून पिणं कमी करायचं होतं, तर हा मधला जिना कशासाठी बांधला? लाडक्या बहिणींच्या दीड हजारासाठी पैसा हवा म्हणून ही वाढ, अशी चर्चा तेव्हा वर्तमानपत्रांतून झाली. भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो, ती मेहुण्याच्या खिशातून काढून. त्या खिशात पैसा कुठून येतो हे बहिणीला विचारा.

या सगळ्या चर्चेत दोन प्रकारच्या बायका कुणालाच दिसत नाहीत. आपल्यालाही नाही.

पहिली, दारू काढणारी. आपण काठ्या घेऊन जंगलात जातो, मोहाचा सडवा शोधतो, मडकी फोडतो, ड्रम उलटे करतो. तिथे बहुतेक वेळा एक विधवा, एक टाकलेली, एक आजारी नवऱ्याची बायको सापडते. ठोक माल पुरवणारा, चारचाकीतून परजिल्ह्यातल्या पेट्या उतरवणारा आपल्या हाती लागत नाही. हिच्यावर मात्र महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली गुन्हा दाखल होतो, तारखा पडतात, आणि तारखेचा खर्च भागवायला ती पुन्हा भट्टी लावते. गोंड-माडिया घरात मोहाची दारू देवाला, जन्माला आणि मरणाला लागते, हा आणखी वेगळा विषय. ती आणि गुळ-नवसागर घालून रात्रीत काढलेला धंद्याचा माल यांना एकाच काठीने मारणं शहाणपणाचं नाही. माझं म्हणणं एवढंच, की सडवा फोडायच्या आधी त्या बाईचं नाव रोजगार हमीच्या मस्टरवर, निराधार योजनेच्या अर्जावर आणि बचत गटाच्या वहीत चढलं पाहिजे. मोहफूल वाळवून भाव येईपर्यंत साठवायची सोय गावात झाली पाहिजे. सामाजिक विकास म्हणजे दुसरं काय असतं? ती सोय नसेल तर आपली मोहीम म्हणजे उपाशी बाईच्या चुलीवर दुसऱ्या उपाशी बाईने ओतलेलं पाणी.

दुसरी, स्वतः पिणारी. एम्सच्या पाहणीत दारू पिणाऱ्या स्त्रिया १.६ टक्के आहेत, पुरुष २७.३. आकडा लहान म्हणून केंद्रांमध्ये त्यांच्यासाठी खाट नसते, शौचालय नसतं, स्त्री कर्मचारी नसते. पुण्याच्या मुक्तांगणने स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला. १९८६ मध्ये गर्दच्या साथीतून उभी राहिलेली संस्था, आणि ती उभी करणाऱ्या डॉ. सुनंदा अवचट. त्यांनी पुरुषांच्या उपचारात घरच्यांना बसवून घेतलं, हे त्या काळात फारसं कुणाला सुचलेलं नव्हतं. पण विदर्भातल्या मजूर बाईला पुणे किती लांब! सफाई काम करणारी, रात्री अंग दुखतं म्हणून घोटभर घेणारी बाई आपल्या बैठकीला येते का? येत नाही. कारण आपल्या घोषणांमध्ये पिणारा नेहमी 'तो' असतो आणि ती फक्त शिवी असते. (खर्ऱ्याबद्दल मी मुद्दाम बोलत नाही. तो विषय काढला तर निम्मी बैठक थुंकायला बाहेर जाईल.)

हे सगळं जोडून करता येतं का? गडचिरोलीत तसा प्रयत्न चालू आहे. डॉ. अभय बंग आणि 'सर्च' संस्थेने शासन आणि टाटा ट्रस्टसोबत २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' सुरू केलं. १९९३ ची बंदी कागदावर होतीच. तिच्या जोडीला गावोगावी संघटना, शाळांमधलं काम, पोलिसांचा पाठपुरावा आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसनउपचाराचं क्लिनिक. आणि महत्त्वाचं म्हणजे ठरावीक काळाने घरोघरी नमुना पाहणी. किती पुरुष पितात, किती खर्च करतात, विक्री किती गावांत बंद आहे. मला यात कमी वाटतं ते हे, की बाईच्या सुरक्षिततेचं माप दारू-तंबाखूच्या मापाइतकं मोठं झालेलं नाही. पण निदान कुणीतरी मोजतं आहे. बाकीच्या जिल्ह्यांनी एवढं तरी का करू नये? या कामाला आशाताई मिळतीलच, असं अधिकारी लगेच म्हणतात. आशाताईच्या डोक्यावर आधीच किती टोपल्या आहेत ते मोजा. गोव्यातले समुपदेशक प्रशिक्षित होते, आणि त्या कामासाठीच नेमलेले होते. मानधनाच्या तुकड्यावर हे होणार नाही.

एक हत्यार आपल्या हातात आहे आणि ते आपण फारसं वापरलेलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि मादक पदार्थांच्या व्यसनाशी निगडित अवस्था स्पष्ट घातल्या आहेत, आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. म्हणजे दारू सोडवण्याचा उपचार ही कुणा दानशूराची कृपा राहिलेली नाही. आडव्या बाटलीसाठी २५ टक्के सह्या गोळा करता येतात, तर त्याच कागदाला दुसरं पान जोडता येईल. पहिल्या पानावर मागणी: दुकान बंद करा. दुसऱ्या पानावर: बंद होण्याच्या आधी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात व्यसनी माणसांसाठी खाटा आणि औषधं ठेवा, प्राथमिक आरोग्य केंद्रात पगारी समुपदेशक नेमा, आणि तो नवऱ्याशी बोलेल त्याच दिवशी बायकोशी वेगळ्या खोलीत स्त्री समुपदेशक बोलेल अशी व्यवस्था करा. तिला २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याची माहिती द्या, संरक्षण अधिकाऱ्याचा फोन नंबर द्या. ती 'आता पीत नाही पण मारतो' असं म्हणाली, तर ते लिहून घेणारा रकाना छापा.

येत्या ग्रामसभेला जाताना हे एवढं करून पाहा. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना उभं राहून विचारा: दारू तुटल्यावर फिट आलेला माणूस रात्री आणला तर केंद्रात औषध आहे का? नसेल तर कुठे पाठवता, गाडी कोण देतं? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक आपल्या तालुक्यात महिन्यातून कधी येतं, कुठे बसतं? गेल्या वर्षी आपल्या केंद्रातून दारूसाठी किती जणांना उपचार मिळाला आणि त्यांत बायका किती? उत्तरं तोंडी घेऊ नका. ग्रामसेवकाला सांगून इतिवृत्तात लिहायला लावा, आणि खाली सही घ्या.